पट्टा, चाक आणि थोडंसं पाणी

माझ्या उमेदीच्या काळात मला सात मालक होते. एक चाकाचे मालक, एक पट्ट्याचे, एक दगडांचे, एक हौदाचे, एक धुराच्या नळकांड्याचे, एक तेलाच्या टाकीचे आणि एक, हे सगळं ज्या दगडी बैठकीवर उभं होतं त्या बैठकीचे. पिठाची गिरणी एकच, इंजिन एकच आणि ते चालवणारा मी एकटा. सकाळी कामावर आलो की ज्याचा त्याला शरणार्थ, रामराम आणि सलाम घालता घालता इंजिन तापायची वेळ व्हायची.

हल्ली जिकडे तिकडे सहकाराची भाषणं चालतात. परवा आमच्या गावात एक तरुण साहेब येऊन सांगून गेले, की सर्वांनी मिळून मालक होणं ही नवी गोष्ट आहे. मी मागं बसून हसत होतो. साहेबांना वाटलं, मला आनंद झाला. झालाच होता. मी त्या नव्या गोष्टीत निजामाच्या राज्यात पाच वर्षं नोकरी केली होती.

गावाचं नाव सांगत नाही. हळ्ळीखेडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आहे एवढं पुरे. माणसांची नावंही मी इकडची तिकडं केली आहेत. कारण माझी सासुरवाडी तिथलीच, आणि हा दिवाळी अंक बाहेर पडेल तेव्हा मी तिथं फराळाला बसलेलो असेन.

त्या वेळी त्या भागात एकच गिरणी होती, तीन कोसांवरच्या देशमुखांची. तिथं डोक्यावर पाटी घेऊन जायचं, देशमुखांच्या वाड्याचं दळण उरकेपर्यंत बसायचं, मग त्यांच्या नातेवाइकांचं, मग कारभाऱ्याच्या मेहुण्याचं. घरी परत येईपर्यंत दिवस बुडायचा. त्यापेक्षा बाया पहाटे जात्यावर बसायच्या. एकदा आमचे बसप्पाअण्णा उदगीरच्या बाजाराला गेले आणि तिथं त्यांनी इंजिन पाहिलं. मी तेव्हा तिथल्या सरकीच्या कारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली होतो. अण्णा दोन तास इंजिनापुढं उभे. फेटा मागं सरकलेला, तोंड उघडं. शेवटी मला म्हणाले, "ए पोरा, हे आमच्या गावाला येतंय का?"

मी म्हटलं, "ते येत न्हाई अण्णा, आणावं लागतंय."

"मग तू बी चल."

अशी माझी नेमणूक झाली.

आता इंजिन आणायचं म्हणजे पैसे गोळा करायला हवेत. पण पैसा एकत्र करायचं नाव काढताच गावातल्या सात मोठ्या घरांचे चेहरे पडले. कुणाच्या पेटीत ठेवायचा? बसप्पाअण्णांच्या ठेवला तर माणिकराव पाटलांना झोप नाही, माणिकरावांच्या ठेवला तर अण्णांना. तेव्हा अण्णांनी डोकं चालवलं. "आपण सावड कसं करतोय?" ते म्हणाले.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सावड म्हणजे पेरणीला एकाचा बैल, दुसऱ्याचा दुसरा बैल, तिसऱ्याची तिफण, चौथ्याचे दोर. सगळ्यांची रानं आळीपाळीनं पेरायची आणि संध्याकाळी ज्याचं त्यानं घरी न्यायचं. हिशेब नाही, वही नाही, भांडण आलंच तर बैल मुका असतो.

"तसंच इंजन आणायचं," अण्णा म्हणाले. "एकेकानं एकेक तुकडा घ्यायचा. ज्याचा तुकडा त्याचा. पैसा इकडं तिकडं जातोय, लोखंड कुठं जातंय?"

साऱ्यांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल करतो. मग मला चावडीत बसवून इंजिनाच्या भागांची यादी करायला लावली आणि वाटणी सुरू झाली. मी लग्नातल्या मानापानाच्या वाटण्या पाहिल्या आहेत, पण ही त्यांच्यावर कडी होती. मोठं चाक सर्वांना हवं होतं, कारण ते दुरून दिसतं आणि फिरतं. ते अण्णांनी घेतलं. माणिकरावांनी पट्टा घेतला. चाकाचा जोर दळणाच्या दगडांपर्यंत तोच नेतो, तोही फिरतो, आणि लांबीला चाकापेक्षा जास्त भरतो, हे त्यांनी दोरीनं मोजून सिद्ध केलं. दगड घेतले इमामसाबनी. ते पाथरवट, दगडांना टाकी तेच लावणार होते. धुराचं नळकांडं घेणारा खूश होता, कारण त्याचं नाव वर आभाळात जाणार होतं.

राहिला पिस्टन. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या पोटात, सिलिंडरमध्ये, पुढं-मागं धावणारा लोखंडी दट्ट्या. सगळा जोर त्याचा. मी समजावून सांगितलं. माणिकरावांनी विचारलं, "दिसतो का?"

"न्हाई, आत असतो."

"कधीच दिसत न्हाई?"

"दिसला तर समजायचं इंजन बिघडलं."

"मग असलं काय कामाचं?" कुणीच तो घेईना. शेवटी ठरलं, पिस्टन सर्वांचा. सातांनी मिळून आणला, आणि त्या दिवसापासून त्याच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

इंजिन उभं राहिलं. उद्घाटनाला प्रत्येकानं फक्त आपापल्या भागाची पूजा केली. चाकावर विभूती, पट्ट्यावर हळदकुंकू, दगडांवर ऊद फिरवला. मी गुपचूप थोडी हळद बोटावर घेतली, पण पिस्टनपर्यंत हात पोचेना.

ते इंजिन सुरू करणं म्हणजे रोजचं नाटक होतं. त्याच्या डोक्यावर लोखंडाचा पोकळ गोळा होता. तो आधी दिव्याच्या झोतानं लालभडक करायचा, मग चाकाच्या आरीला धरून चाकाला हेलकावे द्यायचे आणि एक हिसका मारून हात काढून घ्यायचा. हात वेळेवर निघाला तर इंजिन सुरू, नाही निघाला तर गावाला नवा मिस्त्री शोधायचा. बघायला पोरंटोरं, म्हातारे, सगळे जमायचे. मीही गोळा जरा जास्तच लाल होऊ द्यायचो.

आता मुख्य गोष्ट. इंजिन आतून जळतं, म्हणून त्याला बाहेरून सतत पाणी लागतं. शेजारी हौद असतो. हौदातलं गार पाणी नळीनं येऊन सिलिंडरच्या अंगाभोवती फिरतं आणि गरम होऊन परत हौदात पडतं. पाणी फिरायचं थांबलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. यादी करताना मी चाक लिहिलं, पट्टा लिहिला, हौदसुद्धा लिहिला. पाणी लिहायचं मला सुचलं नाही. पाणी काय, असतंच.

ते होतं नीलक्काच्या विहिरीत. गिरणीच्या कुडाला लागून तिची विहीर. पहिल्या दिवशी अण्णांनी कुडावरून हाक मारली, "वैनी, जरा चार घागरी टाका की हौदात!" तिनं टाकल्या. दुसऱ्या दिवशी परत टाकल्या. मग ते तिचं कामच झालं. ती आणि तिची लेक गंगा रोज रहाटानं पाणी शेंदून हौद भरायच्या. गरम झालेलं पाणी बाया कपड्यांना, म्हातारे अंघोळीला न्यायचे. गार होतं तोवर ते नीलक्काचं काम, गरम झालं की गावाचा हक्क.

ही नीलक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. नवरा वारलेला. अण्णांचं म्हणणं, विहीर घराण्याची आहे. वैनींनी तिथं राहावं, पाणी प्यावं, पण विहीर माझी असं म्हणू नये. तिचं म्हणणं, विहीर तिनं आणि नवऱ्यानं मिळून खणली, वर आलेली माती तिनं डोक्यावर वाहिली, अण्णा तेव्हा बांधावर बसून हुरडा खात होते. पटवाऱ्याच्या दप्तरात विहिरीपुढं कुणाचंच नाव पक्कं नव्हतं. विहिरीवर तिची वांगी-मिरची पिकायची, त्यावर दोघींचं चालायचं. गंगाचं लग्न व्हायचं होतं. ती सासरी गेली की एकट्या बाईला विहिरीवरून हलवायला किती वेळ लागतो, हे गावात सर्वांना कळत होतं. नीलक्काला सर्वांत जास्त.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मला पगार नव्हता. प्रत्येक दळणामागं एक ओंजळ पीठ. ज्वारी, गहू, हरभरा, बाजरी, सगळं एकाच डब्यात. माझी भाकरी रोज वेगळ्या रंगाची व्हायची. एकदा आधीच्या दळणात कुणाची तरी मिरची झाली होती, त्या दिवशी मी सात मालकांच्या नावानं रडत जेवलो.

मालकांचं राज्य कसं चाले तेही सांगतो. एका सकाळी अण्णांच्या सुनेचं दळण आधी झालं आणि माणिकरावांच्या सुनेचं नंतर. दुपारी माणिकराव आले, चाकावरून पट्टा उतरवला, खांद्यावर टाकला आणि घरी नेऊन खुंटीला अडकवला. गिरणी बंद. चौथ्या दिवशी सहा मालक रुसलेल्या जावयाला आणायला जावं तसे फेटे बांधून त्यांच्या दारात गेले.

"पाटील, पट्टा द्या की."

"पट्टा माझा हाय."

"तुमचाच हाय. पर आमचं चाक नुसतं बसून हाय."

"बसू दे. चाकाला लई माज आलाय."

शेवटी माणिकरावांच्या घरचं दळण महिनाभर सर्वांत आधी, या अटीवर पट्टा परत आला. वाजत गाजत. हे पाहून इमामसाबनाही एकदा राग यायची हुक्की आली. ते दगड न्यायला निघाले. दगड हलेना. अर्धा तास खटपट करून ते त्याच दगडावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "जाने दो, माफ किया." तेव्हापासून माझं ठाम मत आहे की भागीदारीत प्रत्येकाचा हिस्सा निदान चार मणांचा असावा.

मग जर्मनची लढाई सुरू झाली आणि इंजिनाचं तेल परवान्यावर गेलं. परवाना देशमुखांना होता. आम्हाला हवा तर गिरणी 'अंजुमन' म्हणून, म्हणजे लोकांनी मिळून चालवलेली संस्था म्हणून, सरकारी कागदावर यायला हवी होती. अर्ज गेला आणि एक दिवस टांग्यातून एक साहेब आले. शेरवानी, चष्मा, बोलणं मऊ. सोबत पटवारी. झाडाखाली खुर्ची टाकली, सारा गाव भोवती. हिस्सेदारांना एकेक करून पुढं बोलावलं.

"आप?" साहेबांनी विचारलं.

बसप्पाअण्णा छाती काढून म्हणाले, "मैं चाक, साब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "क्या?"

"चाक. वो गोल गोल फिरताय नै? वो मैं."

"और आप?"

"पट्टा, हुजूर," माणिकराव म्हणाले. "इनको मैंच फिराताऊं."

"हुजूर, मैं पत्थर," इमामसाब म्हणाले. "ऊपर का भी, नीचे का भी."

नळकांड्याचे मालक पुढं येऊन नुसतेच वर बोट दाखवून उभे राहिले. पटवाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. साहेबांच्या मिशीत हसू दिसलं, पण माणूस हुशार. ते म्हणाले, "अच्छा है. तो लिखो पटवारी, जिसकी चीज के बगैर गिरनी बंद पड़े, वो हिस्सेदार."

नीलक्का तेव्हा भरलेली घागर कमरेवर घेऊन हौदाशी उभी होती. तिनं घागर खाली ठेवली.

"साहेब, मग पाणी?"

गर्दीत हशा पिकला. अण्णा म्हणाले, "वैनी, पाणी वरून पडतंय. त्यात तुमचं काय जायलंय?"

"लोखंड खालून निघतंय भावजी. त्यात तुमचं काय जायलंय?" आणि साहेबांकडं वळून म्हणाली, "माझं नाव लिवा. नीलक्का. पाणी, विहिरीसकट."

'विहिरीसकट' म्हटल्याबरोबर अण्णांचं हसू थांबलं. चाकाचं काय ते चाकापाशी, पण सरकारी कागदावर विहिरीपुढं वैनींचं नाव आलं असतं तर ते पुसणं अण्णांच्या हाती राहिलं नसतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"क्यों मिस्त्री, पानी के बगैर चलता?"

वाचकहो, इथं मला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा माझ्याकडं पाहत होते. सात घरचं पीठ माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"लगता साब," मी म्हणालो. "थोड़ासा."

परत हशा. साहेबांनी मान हलवली, आठ दिवसांनी परत येऊन गिरणी चालताना बघू, मगच सह्या, असं म्हणून ते टांग्यात बसले. नीलक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं. भरलेली घागर उचलून परत घरी नेली. गंगानं रहाटाचा दोर सोडला, त्याचं नीट वेटोळं केलं आणि तोही घरात नेला. माणिकरावांनी पट्टा नेला होता, तसाच. फक्त या दोराला कुणी इंजिनाचा भाग मानलेलं नव्हतं.

"पाण्याला काय तोटा?" अण्णा म्हणाले. "ओढा हाय की."

ओढ्याचं पाणी आमच्याकडं तांबडं असतं, मुरमाच्या मातीचं. मी सांगून पाहिलं, "अण्णा, गाळ बसतोय, नळी चोंदंल."

"तूच म्हणालास न्हवं, थोडंसं लागतंय म्हणून? मग थोडाच गाळ बसंल."

माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. गाडीवर पिंप ठेवून आठवडाभर तांबडं पाणी येत राहिलं. संध्याकाळी मी नळी काढून गाळ उपसायचो, सकाळी पुन्हा तेच.

आठव्या दिवशी साहेब आले. त्यांच्या आधी देशमुखांचे कारभारी येऊन लिंबाखाली बसले होते. "सहज आलो," ते म्हणाले. "विकायचं झालंच तर सांगा. तुकड्यातुकड्यानं बी घेऊ." त्यांना कळलं होतं, की आज गिरणी चालली नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर या लोखंडाचं करायचं काय.

साहेबांनी गव्हाचं एक पोतं पुढं केलं. "मेरे सामने पीसो."

मी गोळा लाल केला, चाकाला हिसका मारला, इंजिन सुरू झालं. नळकांड्यातून टुक टुक असा आवाज गावभर घुमला. पट्टा सळसळायला लागला, गरम पीठ पडायला लागलं. साहेबांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून "वाह" म्हटलं. सातही मालक वराच्या बापासारखे उभे.

पाव पोतं दळून झालं असेल, तेवढ्यात आवाज बदलला. बाहेरच्यांना कळणार नाही. टुक टुकच्या मध्ये एक कण्हल्यासारखं ऐकू येतं. मी गरम पाणी हौदात परत नेणाऱ्या नळीला हात लावला, नळी गार. म्हणजे पाणी फिरत नाही, गाळ अडकलाय. तेल बंद करायला मी झेपावलो, पण तोवर इंजिनानं एक लांब, म्हाताऱ्या रेड्यासारखा हुंकार दिला आणि मोठं चाक जागच्या जागी थांबलं. पट्टा चाकावरून सटकून माणिकरावांच्या पायांशी पडला.

लिंबाखालचे कारभारी उठून उभे राहिले.

"क्या बिगड़ा?" साहेबांनी विचारलं.

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. सातही मालक आपापल्या भागाकडं धावले. अण्णांनी चाकावरून हात फिरवला. "चाक ठीक हाय साब! एक आरी वाकली न्हाई!" माणिकरावांनी पट्टा उचलून सूर्याकडं धरला. "पट्टा शाबूत!" इमामसाब म्हणाले, "पत्थर सलामत, हुजूर!" नळकांड्याचे मालक वर बघून समाधानानं हसले. ज्याचा त्याचा माल जागच्या जागी होता, चेहरे खुलले होते, आणि गिरणी बंद पडली होती.

"फिर बिगड़ा क्या?" साहेब.

"पिस्टन, साब," मी म्हणालो. "धरून बसला."

"पिस्टन किसका?"

"सब का," सातजण एकदम म्हणाले आणि सातही जण एक पाऊल मागं सरले.

तेवढ्यात अण्णांना काय वाटलं, त्यांनी तांबड्या पाण्याची बादली उचलली आणि तापलेल्या इंजिनावर ओतायला निघाले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर सिलिंडर तडकतो, मग भंगारवाल्याशिवाय दुसरा मालक उरत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मालकावर ओरडलो. "ठेवा ती बादली!" अण्णा इतके दचकले, की बादली स्वतःच्याच पायांवर सांडून मोकळे झाले.

मग मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

"साब, मी त्या दिवशी खोटं बोललो. पाणी थोडंसं लागत न्हाई. चाक नसलं तर इंजन नुसतं उभं राहतंय. पाणी नसलं तर मरतंय. ह्या नळ्या धुवायला, हौद भरायला चांगलं पाणी पाहिजे, आणि ते एकाच ठिकाणी हाय."

साहेबांनी घड्याळ काढलं. "मैं शाम तक बैठा हूं," एवढंच म्हणाले.

लोखंडाला आपल्या चालीनं गार होऊ द्यावं लागतं. तासन्‌तास काही करता येत नाही, ही या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट. मी सिलिंडरमध्ये एरंडेल आणि रॉकेल सोडलं आणि वाट बघत बसलो. दिवस कलला तेव्हा चौघांनी चाक धरून हळूहळू हेलकावलं. आधी नखभर हललं, मग बोटभर, मग पिस्टन सुटला. गर्दीनं श्वास सोडला. आता फक्त पाणी.

नीलक्का सकाळपासून कुडापलीकडं बसून वांगी निवडत होती. सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा ओल्या धोतरानं कुडापाशी गेले.

"वैनी, पाणी सोडा की."

"कुणाचं पाणी?"

अण्णांनी मान वळवली. मागं सहा मालक, साहेब, पटवारी, देशमुखांचे कारभारी आणि सारा गाव.

"तुमचं," अण्णा मिशीत पुटपुटले.

"मोठ्यानं बोला की भावजी," नीलक्का म्हणाली. "इंजनच्या आवाजात काय बी ऐकू येईना झालंय."

इंजिन दुपारपासून बंद होतं. लिंबावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या.

"तुमचं पाणी!" अण्णा ओरडले. "तुमची विहीर! झालं?"

"पटवारीसाहेब," नीलक्का न उठता म्हणाली, "ऐकलं न्हवं? लिवा मग." पटवाऱ्यानं खरोखरच लिहून घेतलं. मग तिनं टोपली बाजूला ठेवली. "गंगे, दोर आण."

नळ्या धुतल्या, हौद भरला. इंजिन सुरू झालं, साहेबांचं उरलेलं पोतं दळून झालं आणि पटवाऱ्यानं मोठ्यानं यादी वाचली. आठवं नाव, नीलक्का, पाणी, विहिरीसकट. साहेबांनी सही केली आणि लेखणी तशीच धरून विचारलं, "पिस्टन?"

कुणीच पुढं येईना.

"मिस्त्री के नाम लिखो," साहेब म्हणाले. "जो झूठ बोला, वो संभाले."

अशा रीतीनं मी शिक्षा म्हणून भागीदार झालो. गावानं टाळ्या वाजवल्या. कारभारी कधी निघून गेले कळलंही नाही.

त्यानंतर गिरणी बरीच वर्षं चालली. माणिकरावांनी आणखी दोनदा पट्टा नेला. निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, राज्यं बदलली, कागदांची भाषा बदलली. दोन वर्षांपूर्वी गावात वीज आली आणि विजेची मोटार आली. तिला पाणी लागत नाही, मिस्त्रीही लागत नाही. सावड मोडली तेव्हा ठरल्याप्रमाणे ज्याचं त्यानं घरी नेलं. चाक अण्णांच्या अंगणात भिंतीला टेकून उभं आहे, त्यावर वाळवण घालतात. पट्ट्याच्या वहाणा झाल्या. इमामसाबचे दगड जागचे हललेच नाहीत, त्यांच्यावर आता लोक बसतात. पिस्टन माझ्याकडं आहे. हे कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आत्ता त्यानंच दाबून ठेवले आहेत. आणि विहिरीवर नीलक्काची वांगी आहेत. अण्णा वारल्यावर त्यांच्या मुलांनी एकदा विहिरीचा विषय काढला होता. तिनं पेटीतून तो उर्दू कागद काढला. वाचता कुणालाच आला नाही, पण सही सर्वांना दिसली.

गंगाचं लग्न झालं. म्हातारी मात्र एकटी पडली नाही, कारण जावई पाच पावलांवर गिरणीत होता. पुढं दुसऱ्या गिरणीच्या कामासाठी आम्ही गाव सोडलं, पण दर दिवाळीला जातो. उन्हातून जाऊन ओसरीवर टेकलो, की मी पाणी मागतो. नीलक्का आतून तांब्या घेऊन येते. आता ती थकली आहे, पण चूक होत नाही. तांब्यात डोकावलं तर तळाला घोटभर पाणी.

"घ्या जावई," ती म्हणते. "तुमाला थोडंसंच लागतंय न्हवं?"

गंगा आत तोंडाला पदर लावते. मी तेवढा घोट पितो, उठतो, खुंटीवरचा दोर काढतो आणि विहिरीवर जाऊन माझं पाणी मी शेंदून घेतो.